राखेने घासलेला वस्तरा

आमच्या गावात जुन्या गोष्टी निघाल्या की आजही कुणीतरी म्हणतं, गावच्या न्हाव्याने बौद्ध वस्तीतला वस्तरा आणून मालकाच्या गालावर फिरवला, वर कबूलही केलं नाही, म्हणून त्याला गाव सोडावं लागलं. हे खोटं आहे. वस्तीतून तो वस्तरा मी आणला होता. न्हाव्याला त्यातलं काहीही माहीत नव्हतं. ज्यांच्या गालावर तो फिरला ते माझे वडील. आणि ओट्यावर चारचौघांत मला विचारलं तेव्हा मी ‘नाही’ म्हणालो.

हे लिहिताना एक गोष्ट टोचते. ‘त्याने आणला नव्हता’ असं म्हटलं की जणू आणणं हा गुन्हाच होता असं होतं. तसं मला म्हणायचं नाही. पण त्या दिवशी आमच्या गावात तो गुन्हा होता, आणि ज्याने तो केला नव्हता त्याला शिक्षा झाली, एवढं तरी लिहून ठेवायला हवं.

गाव केळापूरकडचं. घरची शेती कापसाची. मॅट्रिक होऊन मी पांढरकवड्याला एका जिनिंगमध्ये कारकून लागलो आणि तिथेच एक खोली घेऊन राहू लागलो. सुट्टीच्या दिवशी सायकलीने गावी यायचो. एका सकाळी कागदावर सही घ्यायला मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर गेलो, तर ते ओसरीत आरशासमोर दाढी करत होते. शेजारी लाकडी पेटी उघडी होती. आत मखमलीवर वस्तरे मांडलेले, आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक, आणि त्या दिवशीच्या वाराची जागा रिकामी. असं काही जगात असतं हेच मला ठाऊक नव्हतं. आमच्या गावच्या न्हाव्याचा एकच वस्तरा, झिजून झिजून पातं करंगळीएवढं झालेलं, आणि सगळं गाव त्याच्यासमोर मान वर करून बसायचं. सही घेऊन मी परत आलो, पण डोळ्यांसमोरून ती पेटी हलेना.

पुढच्या बाजारात जुन्या लोखंडवाल्याच्या पोत्यावर, कुलपं आणि अडकित्त्यांच्या ढिगात, मला माझा पहिला वस्तरा दिसला. गंजाने तो मिटल्या जागीच धरला होता.

“हा केवढ्याला?” मी विचारलं.

लोखंडवाल्याने आधी वस्तऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या हनुवटीकडे. “पहिले दाढी तं येऊ दे बाबू,” तो म्हणाला. आजूबाजूचे हसले. मी भाव न करता घेऊन निघालो.

खोलीवर येऊन तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. मग विटेच्या भुकटीने घासला. पातं उघडलं, पण मुठीतली खीळ काही निघेना. मला वाटलं, तापवली तर सैल होईल. शेगडीतल्या निखाऱ्यांवर धरला. पात्यावर आधी पिवळसर, मग जांभळा, मग निळा रंग चढत गेला, अगदी मोराच्या पिसासारखा. मी खूश झालो. काय झाक आली! खीळही निघाली. नंतर तासन्‌तास दगडावर घासून धार काढली, दाढीला लावला, तर दोन केस कापून तो तिसऱ्यावर घसरला.

त्या रविवारी तो घेऊन मी गावच्या न्हाव्याच्या घरी गेलो. आमच्याकडे न्हाव्याला म्हाली म्हणतात. मी त्यांना काका म्हणायचो, ते मला छोटे मालक म्हणायचे. त्यांनी वस्तरा उजेडाकडे धरला आणि मोठ्याने हसले.

“विस्तवावर धरला का?”

“हो. खीळ निघत नव्हती.”

“मंग आता याले कांदे कापाले ठेवा. कांदाबी मऊ पाहूनच घ्या. पानी उतरलं याचं.”

पोलाद तापवून विझवतात तेव्हा त्याला कडकपणा येतो, त्याला पाणी देणं म्हणतात. तेच पोलाद पुन्हा विस्तवावर गेलं की ते पाणी उतरतं. मग कितीही घासा, धार टिकत नाही. हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

“मला शिकवा,” मी म्हणालो.

काकांच्या बायकोने आतून ऐकलं आणि ती दारात आली. “माय वो! मालकाच्या पोराले म्हाल्याचं काम शिकवता? मोठ्या मालकाले मालूम पडलं तं तुमची धोकटी उकिरड्यावर जाईन.” धोकटी म्हणजे न्हाव्याची हत्यारांची पिशवी.

“कोन सांगते त्याइले? तू सांगतं का?” काका म्हणाले. “पोराले हौस आहे. जुगार तं नाही खेळून राह्यला.”

तेव्हापासून दर सुट्टीला घरी जेवण झालं की मी मागच्या वाटेने काकांकडे जायचो. त्यांच्या परसात लिंबाखाली बसून त्यांनी मला शिकवलं. धार लावायचा बारीक दगड, त्याला ते सिल्ली म्हणत. सिल्लीवर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही टेकवायच्या, धार पुढे ठेवून सरकवायचा, पाठीवर उलटवून परत. मग चामड्याच्या पट्ट्यावर हेच उलट, पाठ पुढे. माझा हात जड पडायचा. “शेणानं सारवून राह्यला का?” ते म्हणायचे. “त्याले त्याच्या वजनानं जाऊ द्या. तुमी फक्त संगं जा.” पट्टा तर मी दोनदा कापला. दुसऱ्यांदा कापला तेव्हा काका काही बोलले नाहीत, फक्त त्यांची बायको बोलली, आणि बरंच बोलली.

हळूहळू मला जमू लागलं. बाजारातून आणलेले आणखी काही वस्तरे मी खोलीवर दुरुस्त केले. तुटलेल्या मुठींना शिंगाचे तुकडे बसवले. घरी कुणाला याचा पत्ता नव्हता. शेतकऱ्याच्या पोराने वस्तरे घासायचे ही गोष्ट वडिलांना सांगण्यासारखी नव्हतीच.

मग मला एका म्हाताऱ्याचा वस्तरा आठवला. म्हातारा बौद्ध वस्तीतला, आमच्या शेतात कामाला येणारा. दुपारच्या सुट्टीत धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीखाली तो आपल्या लोकांच्या दाढ्या करायचा. गावचा न्हावी त्यांना हात लावत नसे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ते आपलं आपणच करत आले होते. त्याच्या हातातलं रुंद पातं मी लहानपणापासून लांबून पाहत आलो होतो. तरुणपणी तो कुठल्या तरी गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर चौकीदार होता. साहेब जाताना त्याला तो वस्तरा देऊन गेला होता.

छप्पन साली वस्तीने धम्म घेतला. त्यानंतर मेलेली जनावरं ओढणं त्यांनी बंद केलं, लग्नाकार्यात उरलेलं अन्न न्यायला येणंही बंद केलं. गाव धुसफुसत होतं. या गोष्टीला तीन-चार वर्षं झाली असतील. शेतावर ते येत, पण वस्तीत आमच्या घरातलं कुणी जात नसे. मी गेलो. सायकल ओढ्यापलीकडे लावून, इकडेतिकडे पाहत गेलो.

म्हातारा माझ्या आजोबांच्या वयाचा असेल, पण मी त्याला ‘तू’ म्हणायचो. तशीच पद्धत होती.

“तुझा तो वस्तरा मला देतोस का?”

“न्या ना दादा. आता माह्या हाताले कापरं सुटते. मागच्या वक्ती जावयाचा कान घेतला असता. अन् पोट्टे आता ब्लेडच्या मशिनीनं करते.” पैशाचं बोललो तर त्याने हात हलवला. माझ्या खिशाकडे बोट दाखवून म्हणाला, “तो पेन देता का? नातू शाळेत जाते.”

मी पेन दिला. त्याने वस्तरा दिला. “याचं घर बी होतं कातड्याचं,” तो म्हणाला, “कुठं पडलं कोन जाने. सापडलं का देईन.” मी म्हणालो, राहू दे. तो म्हणाला, “राहू कसं दे? जोडी आहे ती.”

वस्तरा पाहून मी चकित झालो. काळ्या शिंगाची मूठ, जाड पाठ, आणि गंजाखाली जे पोलाद निघालं ते आरशासारखं. बोटाने टिचकी मारली की पितळी वाटीसारखा नाद यायचा. मी त्यावर महिनाभर खपलो.

आणि मग मला वाटू लागलं, हा काकांना द्यावा. त्यांनी मला शिकवलं, त्यांचा स्वतःचा वस्तरा झिजून संपत आला होता. पण हा कुठला हे सांगितलं असतं तर त्यांनी तो हातात धरला नसता. धरता आलाच नसता, त्यांचं पोट गावावर होतं. मी स्वतःची एक समजूत घातली. आमच्या आईचा नियम होता, मातीचं भांडं बाटलं तर फोडायचं, पितळेचं बाटलं तर राखेने घासून विस्तवात घालायचं, की शुद्ध. वस्तरा धातूचाच. राखेने मी तो घासलाच होता, हवा तेवढा. विस्तवात मात्र घालता येत नव्हता, कारण पाणी उतरलं असतं. अर्धा नियम तर पाळला ना, असं मी म्हणालो. आज ते आठवून हसूही येत नाही. एकवीस वर्षांचा, शिकलेला पोरगा आपल्याच मनाशी कसली घासाघीस करत होता!

“वणीच्या बाजारात मिळाला,” मी काकांना सांगितलं.

त्यांनी तो उघडला, अंगठ्याच्या नखावर धार हलकेच टेकवली. मग बायकोला हाक मारली, “पाह्य वो, पोट्ट्यानं काय आनलं.” आणि मला म्हणाले, “तुमच्या पुतण्याचं जावळ आहे ना? त्या दिवशी उद्घाटन करतो याचं. पहिला हात मोठ्या मालकाच्या गालावर.”

मी तेव्हाच नको म्हणायला हवं होतं. पण मला अभिमान वाटला. माझ्या हाताने घासलेला वस्तरा माझ्या वडिलांच्या गालावर फिरणार, आणि त्यांना कळणारही नाही!

जावळाच्या दिवशी मांडव घातला होता. सकाळी ओट्यावर काकांनी वडिलांची दाढी केली. वडिलांनी गालावरून हात फिरवला, परत फिरवला.

“काय रे, आज काय लावलं? लोन्यासारखं झालं.”

“नवा आहे मालक,” काका म्हणाले आणि माझ्याकडे पाहून हसले.

मग त्याच वस्तऱ्याने पुतण्याचं जावळ निघालं. पोरगं रडलंसुद्धा नाही. पाहुण्यांनी काकांची तारीफ केली. जेवणं झाली. माणसं ओट्यावर पान खात बसली होती, वडील मधूनमधून गाल चाचपत होते, काका खाली पायरीशी धोकटी आवरत होते. आणि अंगणाच्या तोंडाशी म्हातारा येऊन उभा राहिला.

वडिलांना वाटलं, जेवायला आला. त्यांचा चेहरा जरा खुलला. “काहून रे, शेवटी आलाच का?” ते म्हणाले.

“जेवाले नाही आलो मालक. छोट्या मालकाचं एक सामान राह्यलं होतं माह्यापाशी.” त्याने कमरेच्या फडक्यातून कातड्याचं लांबट घर काढलं. “सुनेनं फळीवर टाकून ठेवलं होतं. आज सापडलं.” मग त्याची नजर पायरीवर गेली. टॉवेलवर वस्तरा उघडा पडला होता. म्हाताऱ्याचा चेहरा फुलला. “अरे बाप्पा! काय चमकवला! माह्यापाशी असा कधी दिसला नाही हा.”

ओट्यावरची माणसं वळून वस्तऱ्याकडे पाहू लागली.

“काय म्हनते हा?” वडिलांनी काकांना विचारलं. “वस्तरा कोनाचा आहे?”

काकांचा हात धोकटीतच राहिला. “मले तं छोट्या मालकानं देल्ला. वनीचा म्हनून.”

“यानं?” वडील माझ्याकडे वळले. “तू कायले वस्तरे वाटत फिरतं बे?”

मी वडिलांकडे पाहिलं. रागापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर आशा होती. मी काय म्हणावं हे त्यांनीच मला चेहऱ्याने सांगितलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. पण शब्द माझा होता.

“मी नाही दिला.”

“असं काहून म्हनता दादा?” म्हातारा म्हणाला. त्याला खरोखर कळत नव्हतं. “तुमी घरी आलते. पेन नाही का देल्ला माह्या नातवाले?”

“गेलता का तू वस्तीत?” वडिलांनी विचारलं.

“नाही, बाबा.”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांच्या तोंडावर राग नव्हताच. भर रस्त्यात आपल्याच घरच्या बैलाने शिंग मारल्यावर माणूस बघतो, तसे ते बघत होते. म्हातारा माझ्याकडून काकांकडे, काकांकडून वडिलांकडे पाहत होता, आणि मग त्याला सगळं एकदम कळलं. त्याने कातड्याचं घर परत फडक्यात गुंडाळलं.

“तुमी म्हनता तं नसान आले,” तो म्हणाला आणि निघून गेला.

“खोटारडा साला,” त्याच्या पाठीमागून कुणीतरी म्हणालं.

मग जे झालं ते मी कधी विसरलो नाही. वडिलांना आपला गाल आठवला. सकाळपासून जो गाल ते कुरवाळत होते, त्याच्यावरून त्यांनी असा हात झटकला की जणू तिथे इंगळी चढली होती. ते न्हाणीकडे धावले. मी मागे गेलो. चुलीतली राख ओंजळीने घेऊन ते दोन्ही गाल घासत होते, मग विटेचा तुकडा घेतला. त्या मऊ कातड्यातून रक्त आलं तरी ते थांबेनात. आत बायका पुतण्याच्या ताज्या भादरलेल्या डोक्यावर पाणी ओतत होत्या, आणि सकाळी न रडलेलं पोरगं आता किंचाळत होतं. सकाळचा तोच वस्तरा, तोच गाल, तीच माणसं! मधे फक्त म्हाताऱ्याचं एक आनंदाचं वाक्य आलं होतं.

ओट्यावर परत आलो तोवर निवाडा सुरू होता. गावातल्या एका वयस्कर गृहस्थांचा शब्द सगळे मानत. ते शांतपणे म्हणाले, “एवढं कायले वाढवता? लोखंड आहे. विस्तवात टाका, शुद्ध होते. मालकानं आंघोळ केली. म्हाल्यानं एवढं म्हनावं का वस्तीतून मीच आनला, चूक झाली. विषय खतम.”

कुणीतरी वस्तरा चिमट्याने उचलला. आचाऱ्याच्या चुलीत निखारे धगधगत होते.

“विस्तवात नका टाकू!” काका ओरडले. “पानी उतरन त्याचं!”

ओट्यावर हशा पिकला. “याची गावात इज्जत उतरून राह्यली, अन् याले वस्तऱ्याची पडली!”

वस्तरा निखाऱ्यांत गेला. शिंगाची मूठ जळाल्याचा घाण वास सुटला. पातं पिवळं झालं, जांभळं झालं, निळं झालं. काका ते पाहत होते, आणि मीही. त्या सगळ्या माणसांत नेमकं काय मरत होतं हे आम्हा दोघांनाच कळत होतं.

“आता बोल,” ते गृहस्थ म्हणाले. “तूच आनला ना?”

“मी आनलाच नाही, तं कबूल काय करू?”

“मंग हा छोटा मालक खोटं बोलते असं म्हनतं काय?”

काका पुन्हा माझ्याकडे वळले. माझ्यासाठी ती दुसरी संधी होती. मी खाली पाहिलं. काकांनी धोकटी उचलली, निखाऱ्यांजवळचा काळा पडलेला वस्तरा तिथेच सोडला, आणि पायऱ्या उतरून गेले.

संध्याकाळी मी आईला माजघरात गाठलं आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं होतं ती मारेल. तिने दार लोटून घेतलं, माझ्या हातांवर राख ओतली, कढत पाणी ओतलं, आणि अंगावर तांब्याभर गोमूत्र शिंपडलं.

“झालं,” ती म्हणाली. “आता कोनाजवळ बोलू नको.”

एवढंच? मी खरं बोललो असतो तर मला एवढीच शिक्षा होती. एक आंघोळ, आणि फार तर वडिलांची एक थप्पड. माझ्या जागी दुसऱ्याचं मात्र पोट जात होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ओट्याच्या कठड्यावर माझा पेन ठेवलेला होता. निबावर शाई ओली होती. म्हातारा पहाटे ठेवून गेला असणार. त्या हंगामात त्याच्या घरच्यांना आमच्याकडे कापूस वेचायला बोलावलं नाही. काकांचं बलुत्याचं वर्षाचं धान्य आमच्या घराने बंद केलं, मग दुसऱ्यांनी, मग सगळ्यांनी. शेजारच्या गावाचा न्हावी येऊ लागला. पेरणीच्या आधी काकांनी घर सोडलं. मी खोलीवरचे सगळे वस्तरे त्याच लोखंडवाल्याच्या पोत्यावर टाकून आलो. “दाढी संपली का बाबू?” त्याने विचारलं.

काका कुठे गेले हे मला थोड्याच दिवसांत कळलं. पांढरकवड्यालाच, मोटारस्टँडजवळ, त्यांनी दाढी-कटिंगचं लाकडी खोकं टाकलं होतं. माझ्या जिनिंगच्या वाटेवर. मी वाट बदलली. लांबचा फेरा घेऊन कामावर जाऊ लागलो, आणि हे मी काही वर्षं केलं.

साठचं दशक संपत आलं तेव्हा वडील गेले. तेरवी झाली आणि मी त्या खोक्यात शिरलो. बाकावर गिऱ्हाईकं होती, त्यात वस्तीतला तो म्हातारा, आता पार वाकलेला. काकांनी चेहरा न पाहता ‘बसा’ म्हटलं, माझ्या गळ्याभोवती कापड टाकलं, आणि मग आरशात पाहिलं. गाठ मारता मारता हात थांबला.

“काका, बाबा गेले,” मी म्हणालो. “आता मी गावात सगळ्यांना सांगतो. वस्तरा मी आणला होता म्हणून.”

“बाप गेल्यावर?” ते म्हणाले.

ते खाली वाकले आणि फक्त मला ऐकू जाईल असं बोलू लागले.

“ऐक. मी इथं आलो तं मले कोनी उभं करेना. या बुढ्यानं इथल्या वस्तीत घरोघर जाऊन सांगतलं, का हा म्हाली आमच्यात येऊन आमच्या दाढ्या करत होता, म्हनून गावानं काढला. मंग थे लोक आले. त्याइले पाहून बाकीचे आले. बुढा जल्मात एकदा खोटं बोलला, थे माह्यासाठी. तू आता तुह्यं खरं घेऊन निंगशीन, तं हा पुन्हा खोटारडा ठरन. एकदा केला तेवढा पुरे.”

“मले आयकू येते बरं,” बाकावरून म्हातारा म्हणाला. “चाय घेता का दादा?”

मी इतकी वर्षं माझं खरं जपून ठेवलं होतं, कधीतरी देऊ म्हणून. आणि ते आता कुणाच्याच कामाचं नव्हतं.

“मग मी काय करू?” मी विचारलं.

“आमी दोघं जिते आहो तोवर चूप राह्य. येते तुले.” त्यांनी माझ्या गळ्यावरचं कापड काढून घेतलं आणि दारात झटकलं. त्याच्यावर एक केसही नव्हता. “इथं कोनीबी बसते. मी कोनाले नाही म्हनत नाही. तुह्या गालाले हात लावत नाही मी.”

मग म्हाताऱ्याकडे वळून म्हणाले, “या बाबा, तुमी या.”

मी खुर्चीतून उठलो आणि म्हातारा तिच्यात बसला.

म्हातारा आधी गेला, काका पुष्कळ वर्षांनी. काकांच्या मातीला मी गेलो होतो आणि मागे उभा राहिलो. खूप माणसं होती, वस्तीतली सर्वांत जास्त. शेजारचा एक तरुण त्याच्या सोबत्याला सांगत होता, हा माणूस आपल्यासाठी गाव सोडून आला. मी ऐकत होतो. तो माझ्याकडे वळला.

“तुमी याइचे कोन?”

“त्यांच्या गावचा,” मी म्हणालो.

“थ्याच गावचे?” त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि आपला खांदा माझ्या खांद्याला लागू नये म्हणून थोडा बाजूला सरकला.